पो नदीच्या खोऱ्यात पाच दिवस

वाचकहो, इटली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रोममधले जुने पडके वाडे, व्हेनिसच्या होड्या, नाहीतर पिसाचा कललेला मनोरा उभा राहतो. शाळेच्या पुस्तकात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण तीच चित्रे पाहिलेली असतात. पण त्याच देशाच्या उत्तरेला मैलच्या मैल भाताची खाचरे आहेत, बांधांवर बगळे उभे आहेत, संध्याकाळी बेडूक ओरडताहेत आणि पाटाच्या दारावरून दोन शेजाऱ्यांची बोलाचाली चालली आहे, असे कोणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच! पण ते खरे आहे. युरोपीय संघातल्या देशांत जेवढा तांदूळ पिकतो, त्यातला निम्म्याच्या आसपास एकटी इटली पिकवते, आणि तोही बहुतेक सगळा या उत्तरेकडच्या पो नदीच्या खोऱ्यात.

गेल्या जुलैत आम्ही उभयता तेथे पाच दिवस राहून आलो. तेथील एक शेतीतज्ज्ञ पूर्वी कालव्यांच्या अभ्यासासाठी आमच्या गोदावरी कालव्याच्या भागात काही महिने राहून गेला होता. तेव्हापासूनचा हा घरोबा. तो स्वतः शेतकऱ्याचाच मुलगा. "तुमचा कालवा मी पाहिला, आता आमचा पाहायला या," हे त्याचे जुने आमंत्रण. तेव्हा ही हकीगत प्रेक्षणीय स्थळांची नाही. शेतकऱ्याच्या घरी शेतकऱ्याने जावे आणि काय पाहिले ते आपल्या माणसांना सांगावे, एवढाच हेतू आहे.

चौसोपी वाडा आणि पुढे खळे

मिलान आणि तुरीन या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध व्हेर्चेल्ली नावाचे जिल्ह्याचे गाव आहे. मिलानहून आगगाडीने तासाभराची वाट. गाडी शहराबाहेर पडली की दोन्ही बाजूंना सपाट रान लागते. इतके सपाट, की बांध नसते तर जमीन कुठे संपते हे कळले नसते. उत्तरेला मात्र आल्प्स पर्वताची भिंत उभी आहे. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी मोंते रोझा हे ४,६३४ मीटर उंचीचे शिखर भर उन्हाळ्यात पांढरे दिसते. खाली पस्तीस अंशांचे ऊन आणि वर बर्फ! पाहणाऱ्याला नवल वाटते, पण त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बर्फ म्हणजे त्याचे धरणच होय. हिवाळ्यात तो साठतो आणि नेमका उन्हाळ्यात, भाताला तहान लागते तेव्हा, वितळून नद्यांतून खाली येतो.

मित्राचे घर गावापासून दूर, शेतातच आहे. तेथे अशा घराला काशीना म्हणतात. मोठा दरवाजा, आत चौकोनी अंगण, एका बाजूला राहती घरे, दुसऱ्या बाजूला गोठा, तिसरीकडे धान्याची कोठारे आणि मध्ये फरसबंदी खळे. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी रचना. पूर्वी अशा एकेका काशीनात पंधरा-वीस कुटुंबे राहत. सालदार, गुराखी, पाणी धरणारा, लोहार, सगळे त्यातच. आज मित्राच्या वाड्यात माणसे पाचच. तो, वहिनी, दोन मुलगे आणि त्याची पंच्याऐंशी उलटलेली आई. गोठा रिकामा आहे. त्यात आता ट्रॅक्टर आणि कापणीचे मोठे यंत्र उभे असते.

जुलैत तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे दुपारी जेवून सगळे आडवे होतात आणि सायंकाळी पुन्हा शेतावर जातात. आम्हीही तसेच केले. एक सूचना मात्र देऊन ठेवतो. भाताच्या मुलखातले डास तेथेही आपल्यासारखेच आहेत. खिडक्यांना जाळ्या आहेत तरी रात्री कानाशी तेच गाणे!

पाणी म्हणजे भाताचे पांघरूण

तेथे भाताची लावणी नाही. रोपे टाकणे, चिखलणी, आवणी, काही नाही. एप्रिल-मे महिन्यांत बी सरळ शेतात पेरतात. पेरणीआधी लेसर किरणांच्या यंत्राने खाचर असे सपाट करतात की या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची उंची एकसारखी राहावी. जुनी पद्धत अशी, की आधी खाचरात पाणी भरायचे आणि त्यात बी फेकायचे. वसंतात सगळे रान पाण्याने भरले की आकाशाचे तुकडे जमिनीवर मांडल्यासारखे दिसते. तेथील लोक त्याला चौकोनांचा समुद्र म्हणतात.

इतके पाणी कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. आम्हीही तो विचारला. मित्र म्हणाला, भात हे मूळचे उष्ण मुलखातले पीक. आमच्याकडे मे महिन्यातही रात्री गारठा पडतो. दिवसा तापलेले पाणी रात्री कोवळ्या रोपाला ऊब देते. पाणी हे आमच्या भाताचे पांघरूण आहे. कोकणात पावसासाठी भात आणि येथे थंडीसाठी पाणी, अशी ही गंमत आहे. कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते.

हे पीक तेथे नवे नाही. मिलानच्या ड्यूकने १४७५ साली तांदळाच्या बियाण्याची पोती शेजारच्या फेर्राराच्या ड्यूकला पाठवली होती, त्या वेळचे पत्र उपलब्ध आहे. म्हणजे साडेपाचशे वर्षांची परंपरा झाली.

कालवा बांधला कोणी, चालवतो कोण

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने आम्हाला कावूर कालवा दाखवला. पो नदीवर किवास्सो येथे हा कालवा सुरू होतो आणि सुमारे ८५ किलोमीटर जाऊन तिचीनो नदीला मिळतो. सेकंदाला ११० घनमीटर पाणी वाहून नेण्याची त्याची ताकद आहे. वाटेत दोरा बाल्तेआ नदी आडवी येते, तिच्यावरून तो पुलाने जातो. सेझिया नदी आडवी येते, तिच्या तळाखालून तो बोगद्याने जातो. आणि हे सारे काम १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत झाले. तेव्हा ना जेसीबी ना डंपर. फावडी, घमेली, विटा आणि हजारो माणसांचे हात!

या कालव्याचा मार्ग पहिल्यांदा सुचवला तो फ्रांचेस्को रोस्सी नावाच्या एका जमीन मोजणीदाराने. पो नदीचे पाणी चढ न चढता इतक्या लांब नेता येईल हे त्याने पातळ्या मोजून ताडले. पुढे कार्लो नोए या इंजिनियरने आराखडा पुरा केला. कालव्याला नाव मिळाले ते कामील्लो कावूर यांचे. हे एकसंध इटलीचे पहिले पंतप्रधान. पण त्याआधी ते भातशेतकरी होते. व्हेर्चेल्लीजवळ लेरी येथे त्यांची मोठी शेती होती, आणि खते, यंत्रे, पाणी यांचे प्रयोग ते स्वतः करीत. १८६१ साली त्यांचा मृत्यू झाला. कालवा त्यांना पाहता आला नाही.

पण वाचकहो, विटांच्या त्या कामापेक्षा आम्हाला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. कालव्याच्या दहा वर्षे आधी, १८५३ साली, कावूर यांच्या पुढाकाराने सेझिया नदीच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यांची एक पाणी संस्था उभी राहिली. सरकारकडून पाणी एकगठ्ठा घ्यायचे, आपसांत वाटायचे, पट्टी आपणच गोळा करायची, भांडण झाले तर आपणच मिटवायचे, असा तिचा कारभार. आधी माणसे एकत्र बांधली, मग कालवा बांधला. त्या संस्थेचा वारसा आजही चालू आहे आणि मित्र तिचा सभासद आहे.

आमचा मित्र ज्या चारीवर आहे तिच्यावर संस्थेचा पाटकरी आहे. तो रोज फिरतो, दारे उघडतो, लावतो, कुणाचे पाणी किती वाजता तोडायचे ते वहीत मांडतो. एकाच्या खाचरातून सुटलेले पाणी वाया जात नाही. ते खालच्या नाल्यात उतरते, तेथून पुन्हा पाटात घेतात आणि खालच्या शेतकऱ्याला देतात. तेच पाणी असे तीन-चार शेतांतून फिरत जाते. मित्र म्हणाला, "आमच्याकडे पाण्याला मालक नाही, पाळी आहे."

२०२२ सालचा उन्हाळा

हे सगळे ऐकून आम्ही म्हणालो, मग तुम्हाला काळजी कसली? तेव्हा त्याने आम्हाला चारीच्या शेवटाला असलेली आपली खालची खाचरे दाखवली. त्यांत भात चांगले गुडघ्याला लागत होते. पण २०२२ साली ती तीनही खाचरे वाळून गेली होती.

त्या वर्षी हिवाळ्यात आल्प्सवर बर्फ फार थोडा पडला. वसंतात पाऊस आला नाही. जून उजाडला तेव्हा पो नदीत गेल्या सत्तर वर्षांत नव्हते इतके कमी पाणी होते. नदीच्या मुखाकडे तर समुद्राचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरले. ४ जुलै २०२२ रोजी सरकारने उत्तरेकडच्या पाच प्रांतांत आणीबाणीची स्थिती जाहीर केली. खालच्या अंगाला लोमेल्लीना नावाचा भाताचा भाग आहे, तेथे आणि नोव्हाराच्या बाजूला जमिनीला भेगा पडल्या, उभी पिके गेली. जो कालवा सेकंदाला शंभर घनमीटर पाणी नेतो, त्याचा तळ दिसला.

कालव्याच्या शेवटाला शेती असणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको. तोंडाच्या माणसाला पाणी जास्त झाले म्हणून त्रास, आणि शेपटाच्या माणसाला ते दिसत नाही म्हणून. मित्राने सांगितले की त्या उन्हाळ्यात संस्थेच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालत. वरचे आणि खालचे एकमेकांशी तोडून बोलत. चाळीस वर्षांचे शेजारी बोलेनासे झाले.

बाप आणि लेक

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दुष्काळानंतर मित्राचा थोरला मुलगा, जो आता शेती पाहतो, त्याने ठरवले की यापुढे सगळी पेरणी कोरड्यात करायची. म्हणजे शेत कोरडे ठेवून आपल्या गव्हासारखे बी पेरायचे, आणि पाणी महिनाभराने, रोप तीन-चार पानांवर आले की भरायचे. वसंतात पाणी कमी लागते, चिखलात ट्रॅक्टर घालावा लागत नाही, मजुरी वाचते. हिशेबाला सरळ. त्या भागात निम्म्याहून अधिक शेतकरी आज तसेच करू लागले आहेत.

मित्राचे म्हणणे वेगळे. तो म्हणतो, एप्रिलमध्ये आम्ही खाचरे भरत होतो तेव्हा ते पाणी काही नुसते वरच राहत नव्हते. ते जमिनीत मुरत होते. जमिनीखालची पातळी वर येत होती. जून-जुलैत तेच पाणी खालच्या अंगाला झऱ्यांतून बाहेर पडत होते आणि लोमेल्लीनातल्या शेतकऱ्याला मिळत होते. आम्ही वसंतात पाणी साठवीत होतो, फक्त तलावाऐवजी जमिनीत. आता सगळ्यांनी कोरडी पेरणी केली तर एप्रिलचे पाणी नदीतून समुद्राला जाते, जमीन रिकामी राहते, आणि जूनमध्ये सगळ्यांनाच एकदम पाणी हवे असते. त्याच वेळी मक्यालाही हवे असते. मग कालवा पुरा कसा पडणार?

मुलगा यावर म्हणतो, "खालच्याच्या झऱ्यासाठी मी माझ्या खिशातून का खर्च करू? त्याने मला काही दिले का?"

जेवणाच्या टेबलावर हा वाद रोज निघे. आवाज चढत. वहिनी मध्येच भात वाढून दोघांची तोंडे बंद करीत. आम्हाला दोघांचेही पटत होते. मुलाचा हिशेब खोटा नव्हता. एकेकट्याचा फायदा मिळून सगळ्यांचा तोटा होतो, असा तो पेच आहे. तेथील पाणी संस्था आता यावरच विचार करीत आहेत, की जो शेतकरी वसंतात खाचर भरून जमिनीत पाणी मुरवतो त्याचा भार सगळ्यांनी कसा वाटून घ्यावा. या घराने आपल्यापुरती तडजोड काढली आहे. वरची, कालव्याजवळची खाचरे जुन्या रीतीने एप्रिलमध्ये भरायची, आणि शेवटाची कोरडी पेरायची. दोघांचेही समाधान पुरते झालेले नाही, पण चूल एक राहिली आहे.

आजींचे माहेर

आजी या वादात पडत नसत. त्यांना आमच्याशी बोलायचे असे ते जुन्या दिवसांचे. त्या मूळच्या या गावच्या नव्हेत. येथून दोनशे किलोमीटरवर, एमिलिया प्रांतात, रेज्जो एमिलियाच्या बाजूला त्यांचे माहेर. सोळाव्या वर्षी त्या भाताच्या बेणणीला म्हणून येथे आल्या आणि येथल्याच घरी सून झाल्या.

त्या काळी मे अखेरपासून चाळीस-पन्नास दिवस हजारो बायका आणि मुली आगगाडीने या भागात येत. त्यांना मोंदीने म्हणत, म्हणजे बेणणी करणाऱ्या. दिवसभर गुडघाभर पाण्यात ओणवे राहायचे, अनवाणी, आणि भातातले गवत उपटायचे. पायाला जळवा, तोंडाभोवती डास, रात्री कोठारात गवताच्या गादीवर झोप. मजुरी थोडी रोख आणि दिवसाला एक किलो तांदूळ. तो तांदूळ पोत्यात भरून त्या घरी नेत. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आठवल्या की वेगळे वर्णन करायला नको.

पण या बायका मुकाट राहिल्या नाहीत. १९०६ साली जून महिन्यात व्हेर्चेल्लीत त्यांनी संप केला आणि बेणणीच्या कामाला आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास ही गोष्ट तेव्हा युरोपातल्या कारखान्यांतही अनेक ठिकाणी मिळाली नव्हती. ती आधी चिखलात उभ्या राहिलेल्या बायकांनी मिळवली! त्यांच्या जीवनावर १९४९ साली 'रीझो अमारो', म्हणजे 'कडू तांदूळ', नावाचा चित्रपटही निघाला. आजी हसून म्हणाल्या, आमच्या भाषेत रीझो म्हणजे तांदूळ आणि रीझो म्हणजे हसूही. आम्ही दोन्ही कडूच खाल्ले. पुढे तणनाशके आली आणि ही बेणणी संपली.

चौथ्या दिवशी आजींना माहेरी न्यायचे ठरले. भाचा तेथे दूध धंदा करतो. मोटारीने अडीच तासांचा रस्ता. आजींनी नवे पातळ नेसावे तशी नवी फुलांची झग्याची घडी मोडली आणि भावाच्या घरासाठी पाच किलो तांदूळ बरोबर घेतला. माहेरी जाताना हात रिकामे नसतात, हे तेथेही आहे.

साडेपाचशे लिटर दुधाची एक वडी

रेज्जो एमिलिया, पार्मा, मोदेना हा सगळा गाईंचा मुलूख. येथे पार्मिजानो रेज्जानो नावाचे जगप्रसिद्ध चीज होते. आजींच्या भाच्याचे दूध ज्या चीज-घरात जाते ते सहकारी आहे. दूध घालणारे शेतकरीच त्याचे मालक. आम्हाला ते आतून पाहता आले.

संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ भांड्यात ठेवतात आणि वर आलेली साय काढून घेतात. त्यात सकाळचे ताजे दूध मिसळून तांब्याच्या मोठ्या काहिलीत तापवतात व विरजतात. एका वडीला सुमारे ५५० लिटर दूध लागते. वडी भरते चाळीस किलोच्या आसपास. गाडीच्या चाकासारखी गोल. मिठाच्या पाण्यात काही दिवस ठेवून मग फळ्यांवर मांडतात. कमीत कमी १२ महिने, बहुधा २४ महिने. मग पारखी येतो आणि लहान हातोडीने ठोकून आवाजावरून आत भेग आहे का ते सांगतो. आपण कलिंगड ठोकतो तसेच!

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, या चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास घालण्यास बंदी आहे. मुरघासातले जंतू दुधात आले तर वडी मुरताना फुगते आणि फुटते. म्हणून गवत आणि सुके लसूणघासच. दुसरी गोष्ट शाकाहारी वाचकांसाठी. या चीजला विरजण म्हणून लागते ते वासराच्या पोटातले रेनेट. तेव्हा पाळणाऱ्यांनी ते टाळावे.

आता दोन वर्षे माल फळीवर पडून राहणार, मग शेतकऱ्याने दुधाचे पैसे कुठून आणायचे? त्याचीही सोय आहे. रेज्जो एमिलियाची क्रेदेम ही बँक १९५३ पासून चीज तारण ठेवून कर्ज देते. वड्या बँकेच्या गोदामात मुरत राहतात, प्रत्येकीवर शिक्का आणि नंबर असतो, आणि शेतकऱ्याला हातात पैसा मिळतो. पडत्या भावात माल फुंकावा लागत नाही. आपल्याकडे वखारीच्या पावतीवर कर्ज मिळते, त्याच जातीची ही व्यवस्था. फरक एवढाच, की येथे तारण ठेवलेल्या मालाची किंमत मुरता मुरता वाढत जाते. मे २०१२ मध्ये या भागात दोन मोठे भूकंप झाले, फळ्या कोसळून लाखो वड्या जमिनीवर आल्या. तेव्हाही हा धंदा मोडला नाही.

पहाटे चारला गोठ्यात कोण?

भाच्याच्या गोठ्यात गेलो आणि कानावर पंजाबी गाणे पडले! दूध काढणारा गडी जालंधरकडचा. हिंदीत बोलणारी माणसे भेटली म्हणून त्याला कोण आनंद झाला. १९८० नंतर पंजाबातले लोक या खोऱ्यात येऊ लागले. पहाटे चारला उठून गाई पिळण्याचे काम इटालियन तरुणांना नको होते. यांना गुरांची सवय होती. आज या भागातल्या कितीतरी गोठ्यांचा भार त्यांच्यावर आहे. जवळच नोव्हेल्लारा येथे मोठा गुरुद्वारा आहे. २००० साली त्याचे उद्घाटन रोमानो प्रोदी यांनी केले. पुढे क्रेमोनाकडे पेस्सिना येथे २०११ साली दुसरा मोठा गुरुद्वारा झाला. आम्ही नोव्हेल्लाऱ्यात लंगरला बसलो. पाच दिवसांनी डाळ-रोटी मिळाली, तिची चव काय सांगावी!

तो गडी कायम नोकरीत होता, पगार बँकेत जमा होत होता, मुले इटालियन शाळेत शिकत होती. पण सगळ्यांचेच असे नाही, हे त्यानेच सांगितले. कागदपत्रे नसलेल्या मजुरांना मुकादम राबवून घेतात. त्याविरुद्ध तेथे २०१६ साली कडक कायदा झाला. तरीही जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला, लातिना भागात, यंत्रात हात तुटलेल्या एका पंजाबी शेतमजुराला दवाखान्यात न नेता घराजवळ सोडून देण्यात आले आणि तो दगावला. साऱ्या इटलीत संताप उसळला. परदेशी मजुरीला मुलगा पाठवू पाहणाऱ्या आपल्या घरांनी ही बाजूही ध्यानात ठेवावी. एजंटाच्या तोंडी करारावर जाऊ नये, कागद वाचून, समजून मगच पैसे द्यावेत.

आजींनी त्या पंजाबी गड्याच्या बायकोशी हातवारे करून बराच वेळ गप्पा मारल्या. परतताना म्हणाल्या, "आम्ही येथून तिकडे बेणणीला गेलो. ही तुमची माणसे तिकडून येथे आली. गोठा काही रिकामा राहत नाही."

वहिनींचा भात

बायकांसाठी वहिनींचा भात सांगितल्याशिवाय पुरे कसे करावे? त्याला रिझोत्तो म्हणतात. कार्नारोली नावाचा जाडसर दाण्याचा तांदूळ घेतात. पहिली गोष्ट, तांदूळ धुवायचा नाही! दाण्यावरची पिठी हवी असते. लोण्यावर कांदा परतून त्यात तांदूळ कोरडाच भाजायचा. मग शेजारी उकळत ठेवलेले भाज्यांचे पाणी एक एक डाव घालत, सारखे ढवळत राहायचे. वीस मिनिटांच्या आत भात तयार होतो. दाणा आत किंचित कणखर, बाहेर मऊ, आणि सगळा मिळून आसट. वहिनींनी आमच्यासाठी केशर घालून पिवळा केला होता. आपल्या आंबेमोहोरावर करून पाहा, जमतो. फक्त गरम पाणीच घालावे, गार घातले की दाणा फुटतो.

जाता जाता

तेथे पाहिले ते सगळेच आपल्याला उपयोगी नाही. आपल्या काळ्या जमिनीत कोणी महिनाभर पाणी भरून ठेवील तर ती पाणथळ होईल, खारवट होईल, चोपण होईल. त्यांची जमीन वेगळी, त्यांच्या डोक्यावर बर्फ आहे, आपल्या डोक्यावर चार महिन्यांचा पाऊस. तेव्हा त्यांची रीत उचलू नका.

उचलायची ती त्यांची वही. वर कुणी किती पाणी घेतले, खाली किती पोचले, आणि आपण काय केले की खालच्याच्या विहिरीला काय होते, हे तेथे लिहिले जाते आणि सभेत वाचले जाते. बाप-लेकांचे भांडणही त्या वहीवरूनच होते. आपल्याकडेही पाणी वापर संस्थांचा कायदा २००५ साली झाला आहे, अनेक गावांत संस्था आहेत, काहींचे काम नाव घेण्यासारखे आहे. पण कितीतरी ठिकाणी सभेला सात-आठ डोकी असतात आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी तर येतच नाही, कारण येऊन काय होणार असे त्याला वाटते. तुमच्या संस्थेची पुढची सभा असेल तेव्हा जरूर जा. जाताना शेवटच्या शेतातल्या शेजाऱ्यालाही बरोबर न्या, आणि गेल्या तीन आवर्तनांत त्याच्या दारापर्यंत किती पाणी पोचले, एवढा एकच प्रश्न विचारा.